१० डॉलरची मर्यादा आणि १२२ डॉलरचे बिल

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या परिसरात राहतात, ग्रीन कार्डधारक आहेत आणि गेल्या वर्षापासून क्ले टार्गेट नेमबाजी शिकत आहेत. क्लबातील एका ज्येष्ठ सदस्याने आपली जुनी १२ बोअरची शॉटगन त्यांना ४०० डॉलरला देऊ केली. दोघे मिळून जवळच्या गन शॉपमध्ये गेले, तेव्हा डीलरने बंदुकीच्या किमतीखेरीज १२२.१९ डॉलरचे बिल हाती दिले: राज्य शुल्क ३७.१९, ट्रान्सफर फी ५०, कागदपत्रांचा आकार १५ आणि १० दिवस बंदूक सांभाळण्याचे २० डॉलर. कायद्याने १० डॉलरच घेता येतात असे त्यांच्या ऐकिवात होते. सिएटलमध्ये राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाने मात्र अशाच व्यवहाराचे ६० डॉलर दिले आणि तिथे ते रीतसर असल्याचे त्याला सांगण्यात आले. तेव्हा यात फसवणूक नेमकी कोणाची झाली, आणि झाली असेल तर आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी कॅलिफोर्नियातील परवानाधारक दुकानांमध्ये बरीच वर्षे काउंटरवर काम केले आहे आणि अशा व्यवहारांचे कागद स्वतःच्या हाताने भरले आहेत, त्यामुळे उत्तर डीलरच्या बाजूचेही थोडे ऐकवणारे असेल. पण निष्कर्ष आधी सांगतो. आपण वर्णन केले आहे तसाच व्यवहार झाला असेल, म्हणजे विकणारा आणि घेणारा दोघेही खासगी व्यक्ती, दोघेही बंदुकीसह दुकानात प्रत्यक्ष हजर, आणि डीलरचे काम फक्त मध्यस्थाचे, तर आपल्याकडून जास्तीत जास्त ४७.१९ डॉलर घेता येत होते. उरलेले ७५ डॉलर बेकायदेशीर आहेत, मग बिलावर त्यांना कोणतेही नाव दिलेले असो.

याचे कारण कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत आहे. तिच्या कलम २७५४५ प्रमाणे दोन्ही पक्षांपैकी कोणाकडेही डीलरचा परवाना नसेल, तर बंदुकीची विक्री किंवा हस्तांतर परवानाधारक डीलरमार्फतच करावे लागते. राज्यात ही सक्ती १९९१ पासून आहे. एकदा नागरिकाला दुकानाची पायरी चढण्याची सक्ती केली की दुकानदाराच्या हाती आयते गिऱ्हाईक लागते, आणि ते गिऱ्हाईक घासाघीस करू शकत नाही, कारण दुकानाबाहेर व्यवहार केला तर गुन्हा ठरतो. म्हणून त्याच संहितेने दोन गोष्टी जोडीने ठेवल्या. कलम २८०५० खालील अशा हस्तांतराची विनंती आली तर डीलरने ती पूर्ण केली पाहिजे, आणि कलम २८०५५ प्रमाणे त्या कामासाठी त्याला प्रत्येक बंदुकीमागे फार तर १० डॉलर घेता येतात. त्याहून कमी घेण्याची त्याला मोकळीक आहे. या कलमाचा जो भाग लोक वाचत नाहीत, तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: राज्याकडे पाठवायची ठरलेली शुल्के सोडून डीलरला या व्यवहारासाठी दुसरे कोणतेही शुल्क आकारता येत नाही. मर्यादा केवळ ‘ट्रान्सफर फी’ या शब्दावर असती, तर कागदपत्रांचा आकार वेगळा लावून ती सहज चुकवता आली असती. कायदा करणाऱ्यांना काउंटरवरची ही चतुराई ठाऊक होती, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपले बिल ओळीओळीने पाहू. ३७.१९ डॉलरचा आकडा बरोबर आहे. त्यात ३१.१९ डॉलर हे आमच्या व्यवसायात ‘ड्रॉस’ म्हणतात त्या विक्रीनोंदीचे शुल्क आहे. बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी राज्याचा न्याय विभाग या नोंदीवरून तपासतो. त्यात १ डॉलर सुरक्षा कायद्याचा आणि ५ डॉलर सुरक्षा व अंमलबजावणीचे मिळवले की ३७.१९ होतात. हे पैसे डीलरच्या खिशात जात नाहीत. जुन्या ओळखीच्या लोकांना २५ डॉलरचा आकडा आठवत असतो आणि ते त्यावरून वाद घालतात, पण त्या काळी ड्रॉसचे शुल्क १९ डॉलर होते. ते नंतर वाढले.

५० डॉलरच्या ट्रान्सफर फीबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही, त्यातले ४० जास्तीचे आहेत. कागदपत्रांचे १५ डॉलर पूर्णपणे जास्तीचे आहेत, कारण बंदूक घेणाऱ्याने भरायचा संघराज्याचा फॉर्म ४४७३ भरून घेणे, ओळखपत्र तपासणे, अंगठ्याचा ठसा घेणे आणि आवक-जावक वहीत नोंद करणे हेच तर ते काम आहे, ज्याचे १० डॉलर ठरलेले आहेत. सांभाळण्याच्या २० डॉलरबद्दल काही डीलर मनापासून वाद घालतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कॅलिफोर्नियात बंदूक लगेच ताब्यात देता येत नाही. नोंद पाठवल्याच्या मिनिटापासून २४ तासांचे १० पूर्ण टप्पे जावे लागतात, आणि तोवर ती दुकानाच्या तिजोरीत राहते. डीलर म्हणतो, जागा माझी, जबाबदारी माझी, मग भाडे का घेऊ नये? माझे मत स्पष्ट आहे. हे १० दिवस ग्राहकाने मागितलेले नाहीत आणि डीलरने दिलेली सवलतही नाहीत; ते कायद्याने व्यवहारातच बसवलेले आहेत. जो भाग वगळून व्यवहार पूर्णच होऊ शकत नाही, त्याचे भाडे म्हणजे व्यवहाराचेच शुल्क, आणि ते १० डॉलरच्या आतच बसले पाहिजे.

आपल्या बिलात नाहीत, पण इतरांच्या बिलात हमखास दिसतात अशा आणखी काही ओळी आहेत. पहिली कुलुपाची. डीलरच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीसोबत राज्याने मान्य केलेले सुरक्षा कुलूप असावे लागते, आणि खासगी हस्तांतरही त्याला अपवाद नाही. यावर बोट ठेवून डीलर आपल्याकडचे महागडे कुलूप गळ्यात मारतो. आपल्याकडे मान्यताप्राप्त तिजोरी असेल आणि तसे प्रतिज्ञापत्र आपण भरून दिले, किंवा गेल्या ३० दिवसांत दुसरीकडून मान्य कुलूप घेतल्याची पावती दाखवली, तर त्याच्याकडचे कुलूप घेण्याची सक्ती नाही. दुसरी ओळ सुरक्षा प्रमाणपत्राची. ३० प्रश्नांची लेखी परीक्षा देऊन मिळणारे हे प्रमाणपत्र ५ वर्षे चालते. त्याचे २५ डॉलर असतात आणि त्यातले १५ राज्याकडे जातात. ते आपल्याकडे आधीपासून असेल तर पुन्हा घ्यायचे नाही, आणि वैध शिकार परवाना असणाऱ्याला लांब नळीच्या बंदुकीसाठी त्याची गरजच नसते. नसेल तर मात्र ते २५ डॉलर रीतसर आहेत, त्यांना जास्तीची फी म्हणून डीलरशी भांडू नये.

तिसरी ओळ कराची, आणि ती नवी आहे. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात बंदुका आणि काडतुसे यांच्या किरकोळ विक्रीवर ११ टक्के अबकारी कर लागू झाला. हा कर परवानाधारक डीलरने, उत्पादकाने किंवा काडतूस विक्रेत्याने स्वतः केलेल्या विक्रीवर आहे. आपल्या व्यवहारात विक्रेता आपला क्लबमित्र आहे, डीलर नाही. त्यामुळे ४०० डॉलरवर ४४ डॉलर कर लावून कोणी बिल दिले, तर तो कर त्या व्यवहाराला कोणत्या नियमाने लागू होतो ते दाखवा, एवढेच शांतपणे विचारावे. यात दरवेळी लबाडीच असते असे नाही. दुकानाच्या बिलाच्या संगणकावर ‘बंदूक’ हा शब्द निवडला की कर आपोआप चढतो, आणि काउंटरवरच्या नव्या मुलाला तो काढायचा कसा हे ठाऊक नसते. हा प्रकार मी पाहिलेला आहे.

आता डीलरच्या बाजूने एक गोष्ट. माझ्यासमोर आलेल्या जास्त फीच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मुळात या कलमाखाली येतच नव्हत्या. एकदा एक गृहस्थ दंडसंहितेचे पान छापून घेऊन, त्यावर पिवळ्या खुणा करून काउंटरवर आले आणि १० डॉलर आपटले. त्यांनी इंटरनेटवरच्या लिलावात ॲरिझोनातील एका माणसाकडून रायफल घेतली होती आणि ती आमच्या पत्त्यावर आली होती. त्यांच्या दृष्टीने हाही खासगी व्यवहार होता, कारण समोरचा माणूस दुकानदार नव्हता. पण दोन राज्यांतील बिनपरवाना व्यक्तींमध्ये बंदूक थेट जाऊ शकत नाही. १९६८ च्या गन कंट्रोल कायद्यापासून ती परवानाधारकामार्फतच जावी लागते. कॅलिफोर्नियात तर बाहेरच्या परवानाधारक डीलरने बंदूक पाठवण्यापूर्वी इथल्या डीलरच्या नोंदीची खात्री करून क्रमांक घ्यावा लागतो. असा माल येतो तेव्हा विक्रेता समोर नसतो, बंदूक आधी आमच्या वहीत आवक होते, मग आमच्याकडून ग्राहकाला जाते. त्यावर १० डॉलरची मर्यादा नाही. डीलर आपला दर स्वतः ठरवतो, तो ७५ असू शकतो किंवा १५० असू शकतो. त्याच्यावर एकच बंधन आहे: आपला आकार राज्याचे शुल्क म्हणून खपवायचा नाही. त्या गृहस्थांना हे पटायला अर्धा तास लागला, आणि त्यांचा राग मला समजत होता, कारण माल मागवण्यापूर्वी त्यांनी आम्हाला फोन केला असता तर लिलावातील बोली त्यांनी त्या हिशेबाने लावली असती.

कन्साइनमेंटचेही तसेच आहे. विकणारा माणूस बंदूक दुकानात ठेवून जातो, डीलर ती आपल्या कपाटात मांडतो, गिऱ्हाईक शोधतो आणि कमिशन घेतो. तो खासगी हस्तांतराचा प्रकार नव्हे. पण इथेच एक चलाखी चालते, ती लक्षात ठेवावी. दोघे एकत्र गेले की डीलर म्हणतो, ‘आज गर्दी आहे, बंदूक ठेवून जा, गिऱ्हाईक सवडीने येईल.’ वरवर हा मदतीचा हात वाटतो. पण बंदूक दुकानाच्या वहीत जमा झाली आणि विक्रेता निघून गेला, की व्यवहाराचे रूप बदलते आणि १० डॉलरची ढाल हातातून निसटते. म्हणून आपल्याला मी आधी हेच विचारीन: नोंद झाली तेव्हा तुम्ही दोघे काउंटरवर होता ना, आणि पावतीवर खासगी हस्तांतर असेच लिहिले आहे ना? उत्तर हो असेल तर बाकीचा मुद्दा सरळ आहे.

डीलर असे का वागतो, याचा विचार न करता त्याला चोर म्हणणे सोपे आहे. माझ्या अनुभवात एक खासगी हस्तांतर नीट करायचे तर पहिल्या दिवशी पाऊण ते एक तास जातो, आणि बंदूक द्यायच्या दिवशी आणखी पंधरा-वीस मिनिटे. फॉर्ममध्ये एक खूण चुकली तरी पुढे तपासणीत ती डीलरच्या नावावर जमा होते. ग्राहकाला त्याची झळ लागत नाही. फॉर्म ४४७३ पूर्वी २० वर्षे जपावा लागे, ऑगस्ट २०२२ पासून तो धंदा चालू असेपर्यंत जपावा लागतो. कॅलिफोर्नियाने दुकानात सतत चालणारे कॅमेरे आणि प्रत्येक घटनेमागे किमान १० लाख डॉलरचा दायित्व विमा बंधनकारक केला. या सगळ्या खर्चासमोर १० डॉलर म्हणजे ताशी मजुरीही सुटत नाही, आणि वर ज्या बंदुकीत डीलरला एक पैसा नफा नाही तिच्यासाठी त्याचा माणूस अडकून पडतो, तेव्हा नवी बंदूक घ्यायला आलेले गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. मर्यादा फार खाली आहे, असे माझे मत आहे, आणि ती वाढवण्याची मागणी डीलरांनी विधिमंडळाकडे उघडपणे करावी. पण बिलावर नवनवी नावे लिहून ती वाढवणे हा त्याचा मार्ग नव्हे. मी पूर्वी ज्या दुकानात होतो तिथेही ‘काउंटर सेवा’ नावाची २५ डॉलरची ओळ होती. ती मी स्वतः कित्येक बिलांवर लिहिली, कारण मालकाने सांगितले आणि मी विचारले नाही. एका ग्राहकाने लेखी हरकत घेतल्यावर मालकाने वकिलाला विचारले, आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ संगणकातून नाहीशी झाली. ज्यांच्याकडून आधी घेतले होते त्यांना कोणी फोन करून पैसे परत दिले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

मर्यादा खाली ठेवली की सरळ उघड नकार देता येत नाही तिथे आडवळणाचा नकार सुरू होतो. खासगी हस्तांतर फक्त मंगळवारी सकाळी. आज यंत्रणा बंद आहे. तो काम जाणणारा माणूस सुट्टीवर आहे. कॅलिफोर्नियात डीलरला हे काम टाळता येत नाही, अपवाद एवढाच की जो हँडगन (म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) विकतच नाही किंवा ठेवत नाही त्याच्यावर हँडगनची हस्तांतरे करण्याची सक्ती नाही. तरीही वेळा ठरवून देणे आणि टाळाटाळ करणे यांतली रेषा काउंटरवर फार पुसट असते. आपण शॉटगनसाठी गेला होता, त्यामुळे तो अपवादही आपल्याला लागू होत नाही.

आता आपल्या भावाचे ६० डॉलर. वॉशिंग्टन राज्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे २०१४ मध्ये मतदारांनी ५९४ क्रमांकाचा प्रस्ताव संमत केला आणि त्या डिसेंबरपासून खासगी हस्तांतरे डीलरमार्फत करणे भाग पडले. फीसाठी त्यांनी आकडा लिहिला नाही. हस्तांतरासाठी डीलरला पडणाऱ्या प्रशासकीय खर्चाचे आणि श्रमाचे बाजारभावाने जे मोल होईल ते त्याने घ्यावे, असे लिहिले. शिवाय जानेवारी २०२४ पासून तिथली पार्श्वभूमी तपासणी राज्याचे गस्ती पोलीस दल करते आणि त्याचे १८ डॉलर घेते. म्हणजे भावाच्या ६० पैकी १८ राज्याचे धरले तर डीलरकडे ४२ उरले, आणि तासाभराच्या कामासाठी ते मला गैर वाटत नाहीत. तिथे लक्ष ठेवायचे ते कराकडे. त्याच प्रस्तावाने तपासणीच्या अटी पाळून दोन खासगी व्यक्तींनी केलेल्या हस्तांतराला राज्याच्या वापर करातून, म्हणजे विक्रीकर न भरता घेतलेल्या वस्तूवर लागणाऱ्या करातून, सूट दिली आहे. कोणी बंदुकीच्या किमतीवर तो कर मागितला तर हरकत घ्यावी.

ओरेगॉनने २०१५ मध्ये आणि नेवाडाने २०१९ च्या कायद्याने ‘वाजवी’ फी असा शब्द वापरला. वाजवी म्हणजे किती, हे कोणी लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे गावात एकच डीलर असेल तर तो सांगेल तेच वाजवी ठरते. कोलोरॅडोने २०१३ मध्ये खासगी व्यवहारांवर तपासणी बंधनकारक करताना १० डॉलरची मर्यादा घातली, आणि न्यूयॉर्कनेही त्याच वर्षी तोच आकडा धरला. पण कोलोरॅडोने डीलरवर काम करण्याची सक्ती केली नाही. परिणाम कोणीही सांगू शकला असता: अनेक दुकानांनी आम्ही खासगी हस्तांतर करत नाही अशी पाटी लावली, आणि ग्रामीण भागात दोन शेजाऱ्यांना एका रायफलसाठी दूरच्या गावी जावे लागले. कागदावर फी १० डॉलर, पण पेट्रोल आणि अर्धा दिवस वेगळा. टेक्सासमध्ये एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खासगी व्यक्तींवर डीलरकडे जाण्याची सक्तीच नाही, त्यामुळे जे जातात ते स्वतःच्या समाधानासाठी जातात आणि दर पटला नाही तर पुढच्या दुकानात जातात. संघराज्याच्या पातळीवर फीचा आकडा कोणी ठरवलेला नाही. दारू, तंबाखू, शस्त्रे आणि स्फोटके यांचा कारभार पाहणाऱ्या विभागाने खासगी हस्तांतर कसे करावे याची कार्यपद्धती डीलरांसाठी काढली आहे, पण किती पैसे घ्यावेत हा त्यांचा प्रांत नाही. म्हणून जास्त फीची तक्रार तिकडे करून काही हाती लागत नाही.

मराठी वाचकांच्या मनात इथे साहजिकच भारतातील पद्धत येईल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे स्वतःच्या वापराची परवान्यातील बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला आधी लेखी कळवावे लागते आणि ४५ दिवस थांबावे लागते. तिथे मध्यस्थ म्हणून कार्यालय असते, इथे खासगी दुकान असते. भारतातून नव्याने आलेले लोक दुकानाच्या काउंटरवरही सरकारी कचेरीतल्यासारखे गप्प राहतात आणि बिल मांडले की देऊन टाकतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. डीलर हा सरकारी अधिकारी नाही. त्याला प्रश्न विचारल्याने अर्ज फेटाळला जात नाही. तपासणीचा निकाल राज्याकडून येतो, त्याच्याकडून नाही.

आता करायचे काय? आपण पैसे दिले असतील तर आधी सविस्तर पावती मागून घ्या, ज्यावर प्रत्येक आकार वेगळा लिहिलेला असेल आणि व्यवहार खासगी हस्तांतराचा आहे हे दिसत असेल. एकरकमी ‘हस्तांतर १२२.१९’ अशी पावती पुढे फारशी कामाला येत नाही. मग काउंटरवरच्या मुलाशी न बोलता मालकाला भेटा, कलम २८०५५ चा उल्लेख करा आणि ७५ डॉलर परत मागा. आवाज चढवू नका. बंदुकीच्या दुकानात आवाज चढवणाऱ्या गिऱ्हाईकाला बाहेर काढणे डीलरला फार सोपे असते, आणि आपली शॉटगन अजून त्याच्या तिजोरीत आहे. माझ्या अनुभवात कलमाचा क्रमांक नेमका सांगितला की बहुतेक मालक पैसे परत करतात, कारण या प्रकरणाचा भंग हा डीलरच्या बाबतीत मिसडिमीनर म्हणजे तुलनेने सौम्य वर्गातला, पण फौजदारी गुन्हा आहे, आणि ज्या धंद्याचा श्वासच परवान्यावर चालतो त्याला ७५ डॉलरसाठी तो परवडत नाही. नाहीच दिले, तर राज्याच्या न्याय विभागातील बंदूक विभागाकडे पावतीच्या प्रतीसह लेखी तक्रार करता येते. त्याच्या जोडीने एक प्रत स्थानिक परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे, म्हणजे शहर पोलिसांकडे किंवा शेरिफकडे, पाठवावी. ही दुसरी प्रत लोक विसरतात, आणि अनेकदा तीच लवकर हलते.

बंदूक घ्यायला मात्र उशीर करू नका. वाद चालू आहे म्हणून ती तिथेच ठेवली आणि नोंदीपासून ३० दिवस उलटले, तर ती नोंद रद्द होते. सगळे पुन्हा करावे लागते आणि राज्याचे ३७.१९ डॉलर पुन्हा भरावे लागतात. ते परत मागण्याचा हक्क आपल्याला राहत नाही. आधी बंदूक ताब्यात घ्या, भांडण नंतर करा.

पुढच्या वेळी निघण्यापूर्वी फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘आम्ही दोघे बंदूक घेऊन येतो, खासगी हस्तांतर आहे, दारातून आत येण्यापासून बंदूक हाती पडेपर्यंत एकूण किती द्यावे लागतील?’ ‘ट्रान्सफर फी किती’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर डीलर बाहेरून आलेल्या मालाच्या दराने देतो आणि मग दोघांचाही गैरसमज होतो. ‘एकूण’ हा शब्द ऐकला की राज्याचे आणि त्याचे पैसे त्याला वेगळे करून सांगावे लागतात. बंदूक आईवडील, मुले, आजी-आजोबा किंवा पती-पत्नी यांच्यात जाणार असेल, तर कॅलिफोर्नियात डीलरची गरजच नाही. ३० दिवसांत ठरलेला अहवाल आणि १९ डॉलर न्याय विभागाकडे पाठवावे लागतात. भाऊ मात्र या सवलतीत बसत नाही. त्यामुळे सिएटलच्या भावाकडून आपण काही घेणार असाल, तर ती बंदूक परराज्यातून येणाऱ्या मालासारखीच इथल्या डीलरकडे येईल आणि तिला १० डॉलरची मर्यादा लागणार नाही.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की, एच-१बी व्हिसावर असलेल्या आपल्या मित्रालाही असाच व्यवहार करता येईल का. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असणाऱ्या व्यक्तीला बंदूक घेण्यास किंवा बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. तिला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला सर्वांत जास्त वापरला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो परवाना हातात असल्याशिवाय मित्राला काउंटरवर नेऊ नका. फॉर्म ४४७३ वर व्हिसाबद्दलचा प्रश्न असतोच, चुकीचे उत्तर देणे हा गुन्हा आहे, आणि नोंद पाठवून नकार आला तर राज्याचे शुल्क गेले ते गेलेच, शिवाय त्या नकाराची नोंद त्याच्या नावावर राहते. ग्रीन कार्डधारक म्हणून आपल्याला ही अडचण नाही. दुकानात जाताना कार्ड बरोबर ठेवा, कारण त्यावरचा क्रमांक फॉर्ममध्ये लिहावा लागतो, आणि त्याची प्रत काढण्याचे कोणी ५ डॉलर मागितले तर ते कोणत्या खात्यात धरायचे हे आता आपल्याला माहीत आहे.